न बोलणारा कॉम्प्युटर

३ मार्च, सोमवार

आज प्रयोगशाळेत माझ्या हातून चूक झाली. नोंद करून ठेवते, कारण दुसऱ्या कुणी केली असती तर मी लेखी खुलासा मागितला असता.

आमचं काम यंत्रांचा आवाज मोजायचं. पंखे, मिक्सर, पंप, जे येईल ते. त्यासाठी एक बंद खोली आहे. भिंती, छत, दार, सगळं फोमच्या सुळक्यांनी मढवलेलं. आत बोललेला शब्द तोंडासमोरच संपतो. चाचणी झाली की मी तिथे दोन-तीन मिनिटं गाते. गेली चार वर्षं गाते आहे. दुसरीकडे कुठेही गात नाही, कारण या खोलीतून बाहेर काही जात नाही हे मी स्वतः मोजलेलं आहे.

आज बाहुल्यांच्या नाटकातलं धुकं सोडणारं यंत्र आलं होतं. दिग्दर्शिका स्वतः घेऊन आली. साठीची बाई, बोटांवर वाळलेला डिंक. तिची तक्रार अशी: "धुकं सुरेख पडतं हो, पण आवाज असा, की मुलांना वाटतं होडीला इंजिन बसवलंय." मी मोजलं. ६१ डेसिबल. तक्रार रास्त. यंत्र बंद केलं आणि सवयीने गायले. आतल्या माइकचं बटण चालूच राहिलं होतं. बाहेर टेबलावरच्या स्पीकरमधून सगळं ऐकू गेलं.

मी बाहेर आले तर ती खुर्ची स्पीकरजवळ ओढून बसलेली.

"हे कोण गात होतं?"

"चाचणी चालू होती."

"चाचणीचा गळा चांगला आहे."

मग तिने नाटक सांगितलं. मोठी होडी आणि लहान होडी धुक्यात एकमेकींना हरवतात. गाणं एकच, आवाज दोन. शब्दही दोनच. मोठी विचारते "कुठे?", लहान म्हणते "इथे". बाकी सगळं सुरांवर. तिच्याकडे संगीत करणारा होता, तो सोडून गेला. "तुम्ही करा. अठ्ठावीसला तालमीच्या हॉलवर आणा. नाही जमलं तर मी तयार काहीतरी लावीन, राग नाही. पण एक आहे. फाइल पाठवून सुटायचं नाही. आमच्याकडे नवीन काही आलं की सगळ्यांनी मिळून ऐकायचं, आणि ज्याने केलं त्याने तिथेच बसायचं. उठून गेला तर ते काम आम्ही घेत नाही."

मी गाते आहे आणि दुसरं कुणी त्याच खोलीत ऐकतं आहे, असं माझ्या मोठेपणी कधी झालेलं नाही. मी हो म्हटलं. नंतर नाडी मोजली: १०४. जिना चढलेले नव्हते.

४ मार्च, मंगळवार

योजना ठरली. दोन्ही आवाज माझेच. लहान होडी माझ्या मूळ आवाजात. मोठीसाठी मी खालच्या सुरात गाईन, त्याचे थर एकावर एक चढवीन आणि कॉम्प्युटरवर तो आवाज आणखी जड करीन. दोन्ही मिळून चोवीस ट्रॅक. तिसरं माणूस नको, दुसरंही नको.

माझा लॅपटॉप नवव्या ट्रॅकला अडखळतो. शिवाय त्याचा पंखा अर्ध्या मीटरवर ३८ डेसिबल. माइक एवढा संवेदनशील आहे, की त्याला माझ्याआधी पंखा ऐकू येतो. नवा कॉम्प्युटर घ्यायचा. टेबलाखाली ठेवायचा, मोठा, आणि काही न बोलणारा.

प्रयोगशाळेत आता गाता येणार नाही. बंद खोलीत खाजगी काम नको, असं साहेब हसत हसत म्हणाले. म्हणजे बातमी पोचली. राहिलं घर. माझी खोली आणि बाहेरची खोली यांच्यात एक विटेची भिंत आहे. घरात आई आणि मी, दोघीच. आईला गाण्यात रस नाही. तिला यातलं काही सांगायची गरज वाटत नाही.

संध्याकाळी सात ते आठ माझ्या खोलीतली पातळी मोजली: ४१. खालच्या सुताराची करवत, वरच्या वहिनींचा मिक्सर, इमारतीचा पंप. या परिस्थितीत रेकॉर्डिंग अशक्य. पण कॉम्प्युटर आधी.

५ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि कॉम्प्युटरवर खेळ खेळतो, त्यामुळे त्याला वाटतं कॉम्प्युटर त्यानेच शोधून काढला.

"काचेचा डबा घे. आत दिवे. जबरदस्त दिसतं."

"गाण्याला दिवे कशाला?"

"मूड येतो गं. आणि ग्राफिक्स कार्ड दणदणीत घे."

"त्या कार्डाला स्वतःचे तीन पंखे असतात. मला पंखे कमी करायचेत."

"मग आइस्क्रीमचा फ्रीजर घे आणि त्यात बस." जरा थांबून म्हणाला, "तू नवरा शोधायला निघालीस ना, तर सगळे बिचारे पहिल्याच चाचणीत नापास होणार आहेत."

"विषय कॉम्प्युटरचा आहे."

"बरं बरं. आणि आईला मी काही बोललेलो नाही."

तसं मी विचारलंही नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

आई आजपासून संध्याकाळी सात ते आठ फिरायला जाणार आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. कोणत्या, ते विचारलं नाही. माझ्या दृष्टीने ही उत्तम बातमी आहे.

८ मार्च, शनिवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. नवरा-बायकोचं दुकान. नवरा बोलतो, बायको मागे बसून यंत्रं जुळवते. नवरा म्हणाला, "मॅडम, हा घ्या, एकदम सायलेंट." मी पर्समधून आवाज मोजायचं उपकरण काढलं. तो दोन पावलं मागे सरकला.

"हे काय आहे?"

"तुमच्या ‘एकदम’चा आकडा काढते."

आधी दुकानाचा पंखा बंद करायला लावला, मग रस्त्याकडचं दार लावून घेतलं. एक गिऱ्हाईक आत यायला बघत होतं, त्याला दोन मिनिटं थांबा म्हटलं. आकडा आला ३३. दिवेवाला काचेचा डबा: ३७. नवरा म्हणाला, "एवढा आवाज तर माणूस श्वास घेतो तेव्हाही होतो."

"माणसाचा २० च्या खाली असतो," मी म्हटलं. "मोजलेला आहे."

मागून हसण्याचा आवाज आला. जुळणी करणारी बायको. हातातला स्क्रूड्रायव्हर न ठेवता तिने विचारलं, "काय करायचंय तुम्हाला?"

मी सांगितलं: आवाजाचे चोवीस ट्रॅक एका वेळी न अडखळता चालले पाहिजेत. मी गायल्यावर तो आवाज कॉम्प्युटरमधून फिरून माझ्या हेडफोनमध्ये सहा मिलिसेकंदांत परत आला पाहिजे, त्याहून उशिरा नको, नाहीतर आपणच आपल्या मागे गातो. आणि हे करताना त्याने गप्प बसलं पाहिजे.

"ग्राफिक्स कार्ड नकोच मग," ती म्हणाली. "प्रोसेसर थोडे कोअरवाला पण एकेक कोअर वेगवान असा घ्या. मेमरी बत्तीस जीबी. फिरणारी डिस्क एकही नको. आणि पंखा हा एवढा." तिने दोन्ही हातांनी जेवायच्या ताटाएवढा आकार दाखवला. "लोक छोटा घेतात. छोट्याला धावावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठ्याला घाई नसते."

या बाईला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी.

"चोवीस आवाज म्हणजे तुमचा मोठा ग्रुप असेल," ती म्हणाली.

"नाही. सगळे माझेच."

"सगळे?"

"हो."

तिने कागदावर २४ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

९ मार्च, रविवार

तीन पर्याय, अकरा निकष, प्रत्येकाला भारांक. पहिला, दादाचा काचेचा डबा: आवाजात बाद. दुसरा, तळहातावर मावणारा छोटा डबा, जो प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना आवडतो. तिसरा, दुकानातल्या बाईने सांगितलेला मोठा काळा डबा, सुटे भाग आणून जुळवायचा. दुसऱ्याला ७१ गुण, तिसऱ्याला ७२. एका गुणावर निर्णय घेणं बरोबर नाही. छोटा डबा प्रयोगशाळेत एक आहे. दोन दिवसांसाठी घरी आणते.

आई फिरून आली. तिच्या बुटांना धूळ नव्हती. नवा फुटपाथ चांगला झाला असावा.

११ मार्च, मंगळवार

छोटा डबा शांत असतो, पण काम न दिल्यास. चोवीस रिकामे ट्रॅक लावले तर सत्तावीस सेकंदांत त्याचा पंखा डासासारखा वाजू लागला. आकडा फक्त ३०, पण सूर उंच, आणि नेमका लहान होडीच्या सुराशेजारी. बाद.

मोठा काळा डबा घ्यायचा हे ठरलं तेव्हा मी खोलीत उभी होते आणि टाळी वाजवली. एकदाच. का, ते सांगता येत नाही.

आज सात ते आठची पातळी २९ आली. गेल्या मंगळवारी ४१ होती. बारा डेसिबलचा फरक आपोआप पडत नाही. करवत बंद होती, मिक्सर बंद होता, पंपही. शक्यता: (१) वीज खात्याने त्या तासाला भार कमी केला आहे. (२) माझं उपकरण बिघडलं आहे. उद्या उपकरण तपासून घेणे.

१२ मार्च, बुधवार

उपकरण ठीक आहे.

जिन्यात खालचा सुतार भेटला. म्हणाला, "काय ताई, किती दिवस चालणार अजून तुमचं? नाही, मी पॉलिशची कामं संध्याकाळवर टाकलीत, पण पॉलिशची संपत आली." मी म्हटलं, कसलं? तो म्हणाला, "कसलं नाही, कसलं नाही," आणि आत गेला. वयाने त्याचा गोंधळ होत असेल.

आई शाळेच्या ग्रंथालयात आहे. लोकांना गप्प बसवणं हा तिचा तीस वर्षांचा व्यवसाय. तिला विचारलं, इमारतीत संध्याकाळी शांतता वाटते का? "मी कुठे असते घरी," ती म्हणाली.

बरोबर. ती फिरायला गेलेली असते.

१५ मार्च, शनिवार

आज जुळणी झाली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले होते. दुकानातल्या बाईने प्रोसेसर खाचेत ठेवला, ढकलला नाही, नुसता ठेवला, आणि तो बसला. ती म्हणाली, "जोर लावावा लागला तर काहीतरी उलटं आहे समजायचं." मग ताटाएवढा पंखा. मग तो नुसता हाताने फिरवून दाखवला: आठ फेऱ्या, आवाज नाही. मला हसू आलं. तिलाही.

"घरी गेल्यावर पहिलं काय गाणार?"

"आधी शून्याची चाचणी. काही न गाता तीन मिनिटं रेकॉर्डिंग."

"करा बाई, तसं करा," ती म्हणाली.

टॅक्सीत डबा मांडीवर घेतला. पट्टा त्याच्यावरूनही लावला. चालकाने आरशातून पाहिलं आणि खड्ड्याशी गाडी हळू केली. नाडी ९८, पूर्ण रस्ताभर.

१६ मार्च, रविवार

चालू आहे हे कळायला दिव्याकडे बघावं लागतं.

पहाटे मोजलं तर उपकरण १९ दाखवतं, आणि १९ हा खोलीचाच आकडा आहे. कॉम्प्युटरचा वेगळा काढता येत नाही. चोवीस ट्रॅक: अडखळत नाही. आवाज परत येतो ५.४ मिलिसेकंदांत. मी "इथे" म्हटलं आणि माझ्या कानात "इथे" आलं, माझ्याबरोबरच. मागे नाही, पुढे नाही. अकरा वेळा म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या दोनदा पुरेसं होतं.

 असो.

लहान होडी पूर्ण गायले. चुका चार. उद्या पुन्हा.

१८ मार्च, मंगळवार

दोष सापडला.

कालचं आणि आजचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. माझ्या आवाजाखाली, अगदी तळाशी, एक घुरघुर आहे. अंदाजे दोनशेच्या कंपनावर. भिंतीतली वीज पन्नासवर कंपते; तिची चौथी पट दोनशे. म्हणजे विजेची घुरघुर. कॉम्प्युटर शांत नसता तर ही कधी कळलीच नसती, लॅपटॉपचा पंखा तिला गिळून टाकायचा.

रविवारच्या शून्याच्या चाचणीत ती नव्हती. आता आहे. दोष नवा आहे किंवा येऊन-जाऊन आहे. दुसरा प्रकार वाईट.

१९ मार्च, बुधवार

दोन वायरी बदलल्या. माइकची केबल बदलली. कॉम्प्युटरचा प्लग वेगळ्या बोर्डवर लावला. अर्थिंग मोजलं, ठीक आहे. माझ्या खोलीतले दिवे बंद करून अंधारात गायले. घुरघुर आहेच. रेकॉर्डिंग सुरू केल्यापासून साधारण पंधरा मिनिटांनी येते. तापल्यावर येणारा दोष असावा. बहुधा आतला वीजपुरवठ्याचा डबा.

आई आठला आली. "झालं का गं?" म्हणाली. मी विचारलं, काय? "ऑफिसचं काम," ती म्हणाली.

२० मार्च, गुरुवार

दुकानातल्या बाईने हेडफोन लावले. नवरा मध्येच, "अहो वॉरंटी आहे, बदलून द्या ना मॅडमना, नाहीतर त्या परत दार लावून घेतील." तिने हाताने त्याला गप्प केलं. पूर्ण ऐकलं. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"ही वीज नाही वाटत मला."

"दोनशेच्या आसपास आहे. पन्नासची पट."

"असेल. पण वीज श्वास घ्यायला थांबत नाही." मग म्हणाली, "बदलून देते, तुमचं समाधान होऊ दे. घरी गेल्यावर मात्र फक्त ते ऐका. तुमचा आवाज बंद करून."

तिचं निरीक्षण शास्त्रीय नाही. पण वीजपुरवठा बदलून मिळाला.

२२ मार्च, शनिवार

बदलूनही घुरघुर तशीच. सहा दिवस उरले. मोठ्या होडीचा एकही ट्रॅक झालेला नाही. दिवसभर स्वतःवर चिडचिड केली आणि शेवटी त्या बाईने सांगितलं ते केलं. माझा आवाज जिथे थांबतो त्या जागा वेगळ्या काढल्या, बाकीच्या ठिकाणी माझे सूर गाळले आणि उरलेलं तीस पट मोठं केलं.

दोनशे नाही. १९३.५. पन्नासच्या कुठल्याही पटीत बसत नाही. आणि ती एका जागी राहत नाही. वर जाते, खाली येते, थांबते, पुन्हा सुरू होते. मी जिथे वर जाते तिथे वर. मी थांबते तिथे थांबते, किंचित उशिरा.

त्या क्षणी मी ३९२ वर होते. त्याचं निम्मं १९६. म्हणजे हा माझाच सूर होता, खालच्या सप्तकातला, जरासा उतरलेला. किती, ते काढलं. शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस. पुढचा सूर तपासला: बावीस. त्याच्या पुढचा: तेवीस. मग पुन्हा बावीस.

हा आकडा मला माहीत आहे.

मी अकरा वर्षांची असताना शाळेत बक्षीस म्हणून सूर मोजायचा डबा मिळाला होता, सुईचा. घरातल्या सगळ्यांचे सूर मोजले. आई तेव्हा ग्रंथालयाच्या पुस्तकांना घरी कव्हरं घालायची आणि घालता घालता गायची. मी तिच्यासमोर डबा धरला आणि म्हटलं, "आई, तू बावीसने उतरतेस. दर वेळी." ती म्हणाली, "हो का?"

त्यानंतर तिचा आकडा घ्यायची संधी आली नाही. ते इतकी वर्षं मी तिला गाण्यात रस नसण्याच्या खात्यात टाकलं होतं.

आणखी काही लिहीत नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी आई चहा गाळत होती. मी म्हटलं, "तू फिरायला जात नाहीस."

"जाते की. पंधरा मिनिटं."

"आणि मग?"

"मग दमते."

"आई, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तू आहेस."

गाळणी तिच्या हातातच राहिली. "अगं बाई. सगळं बिघडवलं का मी? मी तोंड मिटूनच बसले होते, शप्पत. बाहेरच्या खोलीत भिंतीला जरा टेकले फक्त."

"तोंड मिटलेलंच आहे. तरी आलंय."

"पुसता येतं ना?"

"येतं."

"मग पूस. दादा म्हणत होता, अठ्ठावीसला द्यायचंय." मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "तो काही बोलला नाही हं मला. मीच विचारलं."

मी तिला खोलीत नेलं. माझ्या खुर्चीत बसवलं. हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिच्या केसांची क्लिप मध्ये येत होती, ती काढून दिली. आणि माझा आवाज बंद करून फक्त तिचा लावला.

तिने पूर्ण ऐकलं. मध्ये एकदा विचारलं, "हा श्वास कोण घेतंय?"

"तू."

"मोठा आहे की."

संपल्यावर ती म्हणाली, "उतरते मी. तू सांगितलंच होतंस."

"मी अकरा वर्षांची होते."

"पण आकडा बरोबर होता ना?"

मी खोटं बोलू शकत नाही, निदान आकड्याबद्दल. "आकडा बरोबर होता," मी म्हटलं. "सांगायला नको होता."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, पुस्तक जागेवर ठेवावं तसे, कडेला समांतर. "चहा निवला," ती म्हणाली. पण उठली नाही. मग मी तिला मोठ्या होडीबद्दल सांगितलं.

"मी? सगळ्यांसमोर? वेड लागलंय तुला."

"मलाही समोर बसायचंय. एकटीला मला जमणार नाही, हे मी मोजलेलं नाही, पण माहीत आहे."

हे वाक्य मी बोलले, अशी नोंद करते.

२५ मार्च, मंगळवार

आईची अडचण: हातात काही नसलं की तिला गाता येत नाही. कव्हराचा कागद दिला तर कुरकुर माइकमध्ये आली. भाजी निवडायला दिली तर देठ मोडल्याचा आवाज. शेवटी रुमालांच्या घड्या. रुमाल पूर्ण निःशब्द आहेत. एकूण चौदा होते, त्यांच्या ती घड्या घालते, मग मी मोडून परत देते.

दुसरी अडचण: हेडफोनमधून माझा आवाज ऐकून तिला गाता येईना. "तू माझ्या डोक्यात बसून गातेस असं वाटतं." म्हणून हेडफोन काढले. समोरासमोर उभ्या राहिलो, मध्ये दोघींचे दोन माइक. ती भिंतीशी, मी टेबलाशी.

"कुठे?" आई म्हणाली. तोंड उघडून. मला क्षणभर माझी जागा सापडली नाही. चूक माझी, तिची नाही.

नववा टेक ठेवला.

२६ मार्च, बुधवार

संपादन करताना एक गोष्ट दिसली. सूर सरळ करायचं बटण असतं. आईचे बावीस भाग ते तीन सेकंदांत वर आणून देतं. मी ते फक्त करून पाहायला दाबलं. मोठी होडी ताठ झाली, पुस्तकातल्या चित्रासारखी. बदल परत घेतला.

मग माझा आवाज मोजला. तोही उतरलेला आहे. एकवीस भाग. पहिल्या ओळीत मी माझ्या जागेवर आहे, तिसऱ्या ओळीपर्यंत खाली, तिच्याजवळ. शेवटपर्यंत तिथेच. मुद्दाम केलं नव्हतं. उपकरणाचा दोष नाही, दोनदा तपासलं.

चोवीसपैकी दोन ट्रॅक वापरले. दादाला सांगितलं तर फोनवरच किंचाळला, "दोन? दोन ट्रॅकसाठी तो रणगाडा घेतलास? दोन तर माझ्या फोनवर झाले असते."

"झाले नसते," मी म्हटलं. "दुसरा कोण आहे हे कळलंच नसतं."

तो म्हणाला, "आई गायली म्हणे." मग, "मलाही पाठव." मी म्हटलं, अठ्ठावीसनंतर.

२८ मार्च, शुक्रवार

आईने अर्धी रजा टाकली. बसमध्ये तिने चार वेळा विचारलं की आपण आत्ताही नाही म्हणू शकतो का. मी चारही वेळा हो म्हटलं.

तालमीचा हॉल म्हणजे एका छापखान्याच्या वरची लांब खोली. भिंतीला टांगलेल्या बाहुल्या, जमिनीवर खळीचे डबे. पाच बाहुलीवाले, एक दिवे सांभाळणारी मुलगी आणि दिग्दर्शिका. सगळे जमिनीवर गोल करून बसले होते. आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या, त्यामुळे आम्ही सगळ्यांना नीट दिसत होतो. दार माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर. पाहून ठेवलं होतं.

दिग्दर्शिकेने स्पीकर लावला. मी आधीच सांगून टाकलं, "मोठीचा आवाज माझा नाही. हिचा आहे. माझी आई."

"बरं," ती म्हणाली. "बसा."

"कुठे?" आईचा आवाज त्या मोठ्या खोलीत गेला आणि पलीकडच्या भिंतीवरून परत आला. आमच्या बंद खोलीत असं होत नाही. आई पर्सचा बंद बोटांत गुंडाळत होती. मग माझा आवाज आला, आणि सात परकी माणसं तो ऐकत होती, आणि त्यांतली दोन-तीन माझ्याकडे बघत होती. माझे पाय दाराकडे वळलेले होते. मी ते खुर्चीखाली घेतले.

गाणं संपलं. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, नापास. मग एक बाहुलीवाला उठला, भिंतीवरून मोठी होडी काढली, दुसऱ्याने लहान. दिग्दर्शिकेने गाणं पुन्हा लावलं. होड्या हवेत एकमेकींना शोधायला लागल्या.

"मोठी जरा खाली चालव," दिग्दर्शिका म्हणाली. "आणखी खाली. ऐक ना तिचा आवाज, ती पाण्यात खोल आहे. तिच्यात वजन आहे. वरून तरंगत जाणारी नाही ती."

बाहुलीवाल्याने हात खाली घेतला. मोठी होडी हळूहळू बुडाली, आणि बुडता बुडता बरोबर जागी आली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला उठावं लागलं असतं. मी तिच्या बोटांतला पर्सचा बंद सोडवला आणि माझा रुमाल तिच्या हातात दिला.

गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांचं आहे. त्यांनी चार वेळा लावलं. चारही वेळा मी खुर्चीत होते.